विश्लेषण : रंधा धबधब्यावर दोन तासांचा थांबा... पण नदीला किती पाणी आहे, हे पर्यटकाला कोण सांगणार?

सकाळी शिर्डीत दर्शन, दुपारी भंडारदरा, वाटेत रंधा धबधबा आणि रात्रीपर्यंत मुंबई किंवा पुणे. पावसाळ्यात शनिवार-रविवारी अकोले तालुक्याच्या रस्त्यांवर अशा धावत्या सहलींची गर्दी असते. या सहलींना नाके मुरडण्याचे कारण नाही. मुक्कामाचा खर्च न झेपणाऱ्या, सोमवारी कामावर हजर व्हावे लागणाऱ्या कुटुंबाला वर्षातून एकदा कोसळते पाणी पाहण्याची संधी मिळते ती याच दोन तासांत. अडचण वेगळीच आहे. रंध्याचा धबधबा ज्या पाण्यावर पडतो, ते पाणी मोजून आणि नोंद करून सोडले जाते. त्याचा आकडा सरकारी यंत्रणेकडे असतो, बातम्यांत येतो, नदीकाठच्या गावांना कळवला जातो. फक्त धबधब्यासमोर उभ्या असलेल्या पाहुण्याला तो कोणी सांगत नाही.

धावती सहल म्हणजे नेमके काय?

समुद्रपर्यटनाच्या जहाजांवर हा प्रकार जुना आहे. जहाज बंदराला लागले की प्रवाशांना सहा-आठ तास मिळतात. तेवढ्या वेळात एखादा धबधबा, एखादे देऊळ, एखादा बाजार पाहून परतायचे. अलास्कातील जुनो बंदरात उतरलेले प्रवासी मेंडेनहॉल हिमनदी आणि तिच्याशेजारचा नगेट धबधबा पाहून येतात. जमैकातील ओचो रिओसला उतरलेले प्रवासी डन्स रिव्हर धबधब्याच्या पायऱ्या चढून परततात. जहाज कोणासाठी थांबत नाही, त्यामुळे सहलीचा प्रत्येक टप्पा घड्याळावर चालतो.

अहिल्यानगर जिल्ह्याला समुद्र नाही, पण बंदर आहे. ते म्हणजे शिर्डी. २०१७ मध्ये काकडी येथे विमानतळ सुरू झाला, फेब्रुवारी २०२३ मध्ये मुंबई-साईनगर शिर्डी वंदे भारत धावू लागली आणि जून २०२५ मध्ये समृद्धी महामार्गाचा इगतपुरीपासून पुढचा शेवटचा टप्पा खुला झाला. दर्शन लवकर उरकले की उरलेल्या दिवसाचे काय करायचे, हा प्रश्न भाविकांना पडतो. संगमनेर, अकोले, राजूर मार्गे रंधा शंभर किलोमीटरच्या आसपास आहे. तिथून शेंडी, म्हणजे भंडारदरा धरणाचे गाव, आणखी दहा किलोमीटरवर. पुढे बारीमार्गे घोटीला उतरले की मुंबईचा रस्ता लागतो. म्हणजे धबधबा परतीच्या वाटेवरच बसवता येतो. जहाजाच्या भोंग्याची जागा इथे परतीच्या रेल्वेचे तिकीट, चालकाची घाई आणि अंधारात धुक्यातून गाडी काढावी लागण्याची धास्ती घेते.

रंध्याचा धबधबा कोणाच्या मर्जीवर पडतो?

बहुतेक धबधबे पावसाच्या मर्जीवर पडतात. रंध्याचे तसे नाही. रतनगडाच्या कुशीत उगम पावणारी प्रवरा भंडारदऱ्याला अडवली गेली आहे. या धरणाचे काम १९१० मध्ये सुरू झाले आणि १९२६ मध्ये पूर्ण झाले. तत्कालीन मुंबई प्रांताचे गव्हर्नर लेस्ली विल्सन यांच्या नावावरून त्याला विल्सन डॅम आणि मागच्या जलाशयाला आर्थर लेक म्हटले जाते. साठवण क्षमता ११ हजार ३९ दशलक्ष घनफूट, म्हणजे ११ टीएमसीपेक्षा थोडी जास्त. रंधा या धरणाच्या खालच्या अंगाला येतो. त्याच्याही खाली ८ हजार ३२० दशलक्ष घनफूट क्षमतेचे निळवंडे धरण आहे. म्हणजे दोन धरणांच्या मधल्या प्रवरेवर हा धबधबा उभा आहे.

त्याचा परिणाम सरळ आहे. वर धरण भरत असते, तेव्हा घाटघर-रतनवाडीला धो धो पाऊस पडत असला तरी रंध्याला बेताचेच पाणी असू शकते. तेव्हा जे पाणी दिसते ते प्रामुख्याने धरणाखालच्या ओढ्या-नाल्यांचे आणि वीजनिर्मितीसाठी सोडलेले असते. त्यातही रंध्याजवळ वळवलेले पाणी कोदणीच्या वीजगृहाकडे जाते. धरण भरत आले की सांडव्याची दारे उघडली जातात आणि काल शांत दिसणारा रंधा आज कान बधिर करतो. भर उन्हाळ्यात आभाळ कोरडे असताना शेतीचे आवर्तन निळवंड्याकडे सोडले, की पावसाचा थेंब नसतानाही इथे पाणी वाढू शकते.

धरणाच्या पायथ्याचा अंब्रेला फॉल तर पूर्णपणे धरणावरच अवलंबून. मोरीतून सोडलेले पाणी गोलसर खडकावरून छत्रीसारखे पसरते, म्हणून हे नाव. पाणी बंद झाले की धबधबाही बंद. त्यामुळे 'पाऊस चांगला झाला, चला धबधबा बघायला' हे गणित या दोन्ही ठिकाणी चुकते. इथे विचारायचा प्रश्न 'पाऊस किती?' हा नाही. 'विसर्ग किती?' हा आहे.

क्युसेकचा आकडा कसा वाचायचा?

विसर्गाच्या बातम्यांत क्युसेक हा शब्द रोज येतो. एक क्युसेक म्हणजे दर सेकंदाला एक घनफूट पाणी, साधारण २८.३ लिटर. हजार क्युसेक म्हणजे सेकंदाला २८ हजार ३०० लिटर. पाथर्डी, जामखेडकडच्या वाचकाला हे टँकरच्या हिशेबात लगेच कळेल. दहा हजार लिटरचे जवळपास तीन टँकर, दर सेकंदाला, एकाच अरुंद घळीत रिकामे होत आहेत. विसर्ग पाच हजारांवर गेला की हेच टँकर चौदा होतात.

हे समजले की मग 'आत्ता तर गुडघाभरच होते' या वाक्यातला धोका कळतो. खडकावर उभ्या माणसाला पाणी वाढताना दिसते तेव्हा काठावर परतण्याची वाट बहुधा आधीच पाण्याखाली गेलेली असते. ओल्या, शेवाळलेल्या कातळावर गुडघ्याएवढे वेगवान पाणीही प्रौढ माणसाचा पाय उपटू शकते.

यात दिलासा एवढाच, की धरणातून निघालेल्या पाण्याला रंध्यापर्यंत दहाएक किलोमीटर यावे लागते. विसर्ग वाढवण्याचा निर्णय आणि पाणी धबधब्यावर पोहोचणे यांच्यामध्ये उसंत असते. इशारा द्यायचाच म्हटला तर तो देता येतो. मधल्या ओढ्यांना अचानक येणारा लोंढा मात्र कोणालाही विचारून येत नाही. म्हणून पाण्यात न उतरण्याचा नियम विसर्ग कमी असतानाही सुटत नाही.

थोड्या वेळाचा पाहुणाच जास्त धोक्यात का?

जो मुक्कामाला येतो, तो आदल्या रात्री जेवताना घरमालकाला विचारतो. कुठे जावे, कुठे जाऊ नये, परवा काय झाले, हे त्याला कळते. जो दोन तासांसाठी येतो, तो चालक, मोबाइलवरचा नकाशा आणि कोणीतरी टाकलेली रील यांच्या भरवशावर येतो. रील मागच्या वर्षीची असू शकते आणि तेव्हा विसर्ग किती होता हे तिच्यात लिहिलेले नसते. चालक स्थानिक असेलच असे नाही. घरातल्या मंडळींना तर नदीवर वर धरण आहे, याचाही पत्ता नसतो.

शिवाय वेळ कमी म्हणून घाई जास्त. एवढ्या लांब आलो आणि नुसते कठड्यावरून बघून जायचे का, ही भावना माणसाला दोन पावले पुढे नेते. ३० जून २०२४ रोजी लोणावळ्यात भुशी धरणामागच्या धबधब्याच्या प्रवाहात एकाच कुटुंबातील पाच जण वाहून गेले. त्यांत लहान मुले होती. पाणी वाढत असताना प्रवाहाच्या मध्यभागी एकमेकांना धरून उभ्या असलेल्या त्या कुटुंबाची चित्रफीत साऱ्या महाराष्ट्राने पाहिली. त्यानंतर बेफिकीर पर्यटकांवर टीका झाली. पण पाणी किती वेगाने वाढते याची त्या जागी उभ्या माणसाला कल्पना देण्याची सोय काय होती, हा प्रश्न मागे पडला.

अकोल्यातही इशाऱ्याची रचना तपासून पाहण्यासारखी आहे. विसर्ग वाढवला की 'नदीकाठच्या गावांनी सतर्क राहावे, जनावरे व साहित्य सुरक्षित स्थळी हलवावे' असे आवाहन निघते. ते योग्यच आहे. पण त्या आवाहनात गृहीत धरलेला माणूस गावात राहणारा आहे. तो स्थानिक वर्तमानपत्र वाचतो, ग्रामपंचायतीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपमध्ये असतो. नागपूरहून शिर्डीला आलेले आणि दुपारी रंध्याच्या पुलाजवळ उतरलेले कुटुंब यांतल्या कशातच नसते. इशारा निघतो, पण ज्याला सर्वाधिक गरज त्याच्यापर्यंत पोहोचत नाही.

मग बंदीच का नको?

दुर्घटना झाली की पहिला उपाय बंदीचा असतो. मनाई आदेश निघतो, बॅरिकेड लागतात, काही दिवस पोलीस उभे राहतात. अतिवृष्टीच्या दिवशी रस्ता बंद करणे आवश्यकच आहे. पण हंगामभराची बंदी माणसे थांबवत नाही, फक्त वाट बदलते. गोव्याच्या सीमेवरील दूधसागरला रुळांवरून चालत जाण्यास मनाई असूनही जुलै २०२३ मध्ये शेकडो जण गेले आणि रेल्वे पोलिसांनी त्यांना उठाबशा काढायला लावल्या. ती दृश्ये पाहून हसू आले, पण त्याने प्रश्न सुटला असे कोणी म्हणणार नाही. मुख्य जागा बंद केली की लोक पाटी नसलेल्या, कठडा नसलेल्या ओढ्यांकडे वळतात. तिथे वाचवायलाही कोणी नसते.

बंदीची दुसरी किंमत स्थानिकांना मोजावी लागते. अकोल्याचा पश्चिम भाग आदिवासी आहे. महादेव कोळी आणि ठाकर समाजाची ही गावे भातशेतीवर आणि हंगामी मजुरीवर जगतात. गेल्या काही वर्षांत तंबूतला मुक्काम, घरगुती जेवण, वाटाड्याचे काम, मे-जूनमधले काजवे आणि पावसाळ्यातले धबधबे यांतून चार पैसे मिळू लागले आहेत. ज्यांची जमीन जलाशयात गेली आणि पाणी लाभक्षेत्रात गेले, त्यांना त्या पाण्याच्या दृश्यावर तरी काही कमावता यावे, ही अपेक्षा गैर नाही.

मात्र आजच्या धावत्या सहलीतून त्यांच्या हाती फारसे लागत नाही. डिझेल शिर्डीला किंवा घोटीला भरले जाते, डबा घरून येतो. गावात विकले जाते ते भाजलेले कणीस आणि चहा. गावात उरतात त्या प्लास्टिकच्या बाटल्या आणि रस्त्याच्या दोन्ही बाजूंना लावलेल्या गाड्यांमुळे अडकलेली एसटी.

इतरांनी यातून वाट कशी काढली?

जुनोची लोकसंख्या सुमारे ३२ हजार आणि २०२३ च्या हंगामात तिथे आलेले जहाजप्रवासी १६ लाखांहून अधिक. शहराने जहाजे हाकलली नाहीत. आधी दिवसाला पाच मोठी जहाजे ही मर्यादा घातली. पुढे कंपन्यांशी करार करून २०२६ पासून दिवसाला १६ हजार आणि शनिवारी १२ हजार प्रवासी अशी कमाल संख्या ठरवली. म्हणजे गर्दीचा आकडा ठरवला गेला.

डन्स रिव्हरला धबधब्यातच चढायचे असते. तरी तिथे प्रशिक्षित वाटाडे गटाला हात धरून साखळीने वर नेतात, तिकीट असते, पायात घसरू न देणारे बूट लागतात. दूधसागरलाही हंगामात कुळे गावातून ठरलेल्या जीपनेच जंगलात जाता येते आणि पर्यटकांना लाइफ जॅकेट दिले जाते. त्या जीपगाड्या आसपासच्या गावकऱ्यांच्या, म्हणजे पर्यटकाचा पैसा तिथेच मुरतो. या तिन्ही ठिकाणच्या व्यवस्था निर्दोष नाहीत, वादही आहेत. पण पाहुण्याला काही माहीत नसणार हे गृहीत धरून त्या उभ्या केल्या आहेत. आपल्याकडे उलट आहे. पाहुण्याने सारे माहीत करून यावे, नाही तर परिणाम भोगावेत, अशी आपली पद्धत.

अकोल्यात काय करता येईल?

पहिले आणि सर्वांत स्वस्त काम म्हणजे फलक. रंध्याच्या पुलाजवळ, शेंडीच्या चौकात आणि राजूरच्या बसस्थानकावर 'आजचा विसर्ग' लिहिलेला मोठा फलक हवा. आकड्यासोबत हिरवा, पिवळा, लाल असा रंग. क्युसेक न कळणाऱ्यालाही लाल कळतो. मराठीसोबत हिंदीत, कारण शिर्डीहून येणारे देशभरातले असतात. फलकाला क्यूआर कोड असला तर शिर्डीतल्या हॉटेलच्या स्वागतकक्षातही तोच आकडा दाखवता येईल. धरणावर तो रोज नोंदला जातो. खर्च आहे तो फक्त दहा किलोमीटर पुढे पोहोचवण्याचा.

दुसरे, विसर्ग वाढवण्यापूर्वी धबधब्याजवळ वाजणारा भोंगा आणि तो वाजल्यावर लोकांना मागे घेणारा माणूस. नुसता भोंगा पुरत नाही, तो कशाचा हे पाहुण्याला ठाऊक नसते. राजूर-शेंडी भागातील तरुणांना हंगामापुरते 'धबधबा रक्षक' म्हणून प्रशिक्षण आणि मानधन दिले, तर रोजगारही होईल आणि ज्याला नदीची चाल कळते असा माणूस काठावर उभा राहील.

तिसरे, गाड्यांची सोय. शनिवार-रविवार आणि १५ ऑगस्टच्या सुट्टीला मोठ्या गाड्या राजूर किंवा शेंडीला थांबवून पुढे एसटीच्या किंवा स्थानिकांच्या छोट्या गाड्यांनी फेऱ्या करता येतील. दूधसागरच्या जीपचा धडा इथे उपयोगी पडेल.

चौथे, पैसा. कळसुबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात प्रवेश शुल्क घेतले जाते. वाहनतळ आणि धबधब्यासाठी एकच पावती असावी आणि तिचा हिशेब ग्रामसभेपुढे मांडला जावा. हा भाग पेसा क्षेत्रात आहे. आपल्या गावाच्या साधनसंपत्तीवर बोलण्याचा अधिकार ग्रामसभेला कायद्याने दिला आहे, तो इथे वापरला जायला हवा.

खरी अडचण पैशांची नाही. पाणी जलसंपदा विभागाचे, जंगल वन विभागाचे, रस्ता सार्वजनिक बांधकामाचा, बंदोबस्त राजूर पोलिसांचा, कचरा ग्रामपंचायतीचा. प्रत्येकाचे काम ठरलेले आहे, पण धबधब्यासमोर उभ्या माणसाची जबाबदारी कोणाच्याच नावावर नाही. जिल्हा प्रशासनाने हंगामाच्या चार महिन्यांसाठी एका अधिकाऱ्याला ती नेमून द्यावी. बाकीच्या सूचना त्याच्या टेबलावरून पुढे सरकतील.

स्थानिक व्यावसायिकांच्या मनात शंका असेल, की इतके नियम केले तर गर्दी दुसरीकडे जाईल. काही प्रमाणात जाईलही. पण एका मोठ्या दुर्घटनेनंतर येणारी सरसकट बंदी संपूर्ण हंगाम बुडवू शकते. नियमांनी थोडा धंदा कमी होईल, बंदीने सगळाच बसेल.

दोन तासच हातात असतील तर...

पर्यटकालाही काही गोष्टी निवडाव्या लागतील. शिर्डीहून येताना रंधा आधी लागतो, भंडारदरा नंतर. दोन-तीन तासांत रंधा, धरणाचा परिसर आणि शेंडीत जेवण एवढेच नीट होते. जलाशयाला वळसा घालून रतनवाडीचे अमृतेश्वर मंदिर किंवा घाटघरचा कडा पाहायचा तर अर्धा दिवस वेगळा लागतो. ते घाईत कोंबले की शेवटी वेग वाढतो तो गाडीचा, धुक्यातल्या वळणांवर. सांदण दरीत पावसाळ्यात उतरण्याचा विचारही करू नये.

निघण्यापूर्वी त्या दिवशीची विसर्गाची बातमी पाहावी. रंध्याला पाणी पाहायचे ते पुलावरून आणि कठड्याच्या आतून. पाणी एकाएकी गढूळ झाले, काड्या-कचरा वाहून येऊ लागला, आवाज बदलला, तर लगेच काठापासून दूर व्हावे. जेवण गावात घ्यावे, राजूरचे पेढे घ्यावेत, कचरा परत न्यावा. आणि चहा पिताना एक प्रश्न जरूर विचारावा, 'आज पाणी किती सोडलंय?'

टपरीवरचा माणूस बहुधा बरोबर उत्तर देईल, कारण त्याचे सारे आयुष्य या नदीच्या काठावर गेले आहे. पण पाहुण्याचा जीव टपरीवाल्याच्या उत्तरावर सोडणे ही व्यवस्था नव्हे. भंडारदरा धरणाला २०२६ मध्ये १०० वर्षे होत आहेत. या शंभर वर्षांत त्या पाण्याचा थेंब न् थेंब शेतीसाठी, विजेसाठी, जायकवाडीच्या वाटपासाठी मोजला गेला. तो मोजलेला आकडा आता रंध्याच्या पुलावर लावायला हवा.